हलकी फाईल

ऑफिसात त्याला सगळे डाएटराव म्हणत. स्वतः माणूस अंगाने चांगला दणकट, जेवताना हात आखडता घ्यायची सवय नाही, पण दुसऱ्यांचं वजन उतरवणं हाच त्याचा धंदा. दुसऱ्यांचं म्हणजे फोटोंचं. बूट, पिशव्या, कमरेचे पट्टे असलं सगळं इंटरनेटवर विकणारी ती कंपनी. स्टुडिओतून एकेका बुटाचा फोटो यायचा तो इतका अवजड, की गिऱ्हाइकाच्या फोनवर तो पुरता उघडेपर्यंत त्याचा बूट घ्यायचा विचारच बदलायचा. म्हणून मग डाएटराव. फोटो आला की त्याची चरबी काढायची, थोडे रंग कमी करायचे, डोळ्याला कळणार नाहीत इतपत बारकावे उडवायचे आणि फाईल अशी हलकी करून पुढे ढकलायची, की बोट लावलं रे लावलं की हजर.

या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हेही खरं. साध्या फोटोला जेपीजी, मागचं सगळं कापून नुसता बूट हवा असेल तर पीएनजी, खरोखरीचा व्हिडिओ लागलाच तर एमपीफोर आणि बूट जागच्या जागी गोल गोल फिरताना दाखवायचा असेल तर जिफ. झोपेतून उठवून विचारा, सांगेल. जिफवर तर त्याचा भारी जीव. आवाज नाही, कटकट नाही, जुन्यात जुन्या कॉम्प्युटरवर टाका, उघडलं की आपलं फिरायला लागतं. त्याने आपल्या लॅपटॉपवर एक फोल्डरच तसा करून ठेवला होता. त्यात व्हिडिओ टाकला की आपोआप त्याची जिफ तयार. व्हिडिओतल्या दर चार चित्रांतलं एक ठेवायचं, तीन फेकायची, आवाज काढून टाकायचा, रंग मोजके ठेवायचे, आणि काम झालं की मूळ फाईल पुसून टाकायची. हा पुसायचा नियम मात्र त्याचा खास स्वतःचा. एकाच गोष्टीच्या दोन प्रती ठेवल्या की कुठली खरी यावरून भांडणं होतात, असं त्याचं ठाम मत. शेजारच्या टेबलावरची फोटो काढणारी बाई म्हणायची, "डाएटराव, एक दिवस तुम्ही माझा अख्खा जन्म पुसून टाकाल." तो हसायचा.

घरी बायको आणि दुसरीत जाणारी मुलगी. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. दात घासताना फिरायची, गृहपाठ करताना फिरायची, बोलायला लागली की समोरच्याभोवती फिरत फिरत बोलायची. अशा पोरीच्या तोंडाला एके दिवशी सकाळी उठल्या उठल्या काहीतरी झालं. बायको एकटीच जवळ होती. तिने घाबरून त्याला ऑफिसात फोन केला. "अरे, हिचं तोंड वाकडं होत होतं. एका बाजूला ओढल्यासारखं. बोलताच येईना तिला."

"स्वप्न पडलं असेल," डाएटराव म्हणाले. "अर्धवट झोपेत असेल. आता कशी आहे?"

"आता काय, नाचतेय."

"मग झालं तर!"

आता याला काय म्हणावं! पण बाप असाच बोलतो. काही झालेलं नसावं असं ज्याला मनापासून वाटतं, तो काही झालेलं नाही असंच म्हणतो. बायकोने मात्र ते बोलणं मनात ठेवलं. काही आठवड्यांनी पुन्हा तसंच झालं, पुन्हा सकाळी, पुन्हा तो जवळ नाही, आंघोळीला गेलेला. या वेळी तिने फोन उचलला आणि पोरीच्या चेहऱ्याचा व्हिडिओ काढला. तो बाहेर आल्यावर फोन त्याच्यापुढे धरला. "बघ. हे स्वप्न आहे का?"

त्याने पाहिलं. एकदाच पाहिलं. पुन्हा पाहायची हिंमत झाली नाही, आणि ते पुढे फार महागात पडलं.

नेहमीच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या लहान मुलांच्याच डॉक्टर, मोठ्या इस्पितळात बसणाऱ्या. तिथल्या माणसाने फोनवर सांगितलं, व्हिडिओ असेल तर आधी आमच्या साईटवर पाठवून ठेवा, डॉक्टर बघून ठेवतील. डाएटरावांनी पाठवून पाहिला. फाईल फार मोठी आहे म्हणून साईटने परत फेकला. पुन्हा पाठवला, पुन्हा फेकला.

"असू दे ना," बायको म्हणाली. "फोनच घेऊन जाऊ की तिथे. फोनवर दाखवू."

"अगं, डॉक्टरांनी आधी बघितलं तर बरं नाही का? फोनची ही व्हिडिओ साठवायची पद्धत नवी आहे. त्यांच्याकडचे कॉम्प्युटर जुनेपुराणे असणार, आवाज येईल तर चित्र येणार नाही. मी अशी फाईल करून देतो की कुठेही उघडेल."

"नीट दिसेल ना पण सगळं?"

"माझं कामच आहे ते," तो म्हणाला, आणि जरासा दुखावलासुद्धा.

त्याने तिचा फोन लॅपटॉपला लावला. तिचा फोन नेहमीप्रमाणे गच्च भरलेला, जागा नाही जागा नाही म्हणून बोंबलत होता. तेव्हा त्याने व्हिडिओ उचलून सरळ आपल्या लाडक्या फोल्डरात हलवला. कॉपी नाही केला, हलवला. फोन जरा मोकळा झाला, फोल्डरने आपलं काम चोख केलं, जिफ तयार झाली. इस्पितळाच्या साईटने ती पहिल्या फटक्यात घेतली. त्याने फाईलचं वजन पाहिलं आणि त्याला अगदी बरं वाटलं. मुलीसाठी आपल्या हातून काहीतरी झालं, असं वाटलं त्याला.

डॉक्टरबाई वयाने बेताच्या, बोलायला शांत. खोलीत एक टेबल, त्यावर जुनाच म्हणावा असा कॉम्प्युटर, भिंतीला लहान मुलांच्या उंचीवर लावलेलं एक मोठं कापडी घड्याळ. भिंगरी त्या घड्याळाचे काटे फिरवत बसली. नेहमीच्या डॉक्टरांनी डोक्याला वायरी लावून काढून घेतलेला मेंदूचा आलेख बाईंनी आधी पाहिला. "हा स्वच्छ आहे. पण जागेपणी काढलाय, त्यामुळे एवढ्यावर काही म्हणता येणार नाही." मग त्यांनी जिफ उघडली.

स्क्रीनवर भिंगरीचा चेहरा आला. तोंड उजवीकडे ताणलं गेलं, थांबलं, एकदम परत जागेवर आलं, पुन्हा ताणलं गेलं. मग सगळं पहिल्यापासून. मग पुन्हा पहिल्यापासून. बाई थोडा वेळ बघत राहिल्या.

"आवाज नाही याला?"

"नाही. जिफला आवाज नसतो."

"घशातून काही आवाज येत होता का? गुरगुरल्यासारखा?"

"येत होता," बायको म्हणाली. "त्यात होता की तो." तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"बरं. ओठ निळे पडले होते का? इथे मला ते मातकट दिसतायत."

"हा रंग खरा नाही," डाएटराव म्हणाले.  "जिफमध्ये रंग मोजकेच राहतात. जवळचा जो असेल तो लागतो."

"आणि हे?" बाईंनी पेन स्क्रीनजवळ नेलं. "हे तोंड असं टपकन इकडून तिकडे जातंय. हा झटका आहे, की फाईल अडकतेय?"

हा प्रश्न ऐकला आणि त्याने स्क्रीनवरची नजर काढली. कारण उत्तर त्याला माहीत होतं, आणि ते उत्तर हे होतं की कोणालाच माहीत नाही. चारातली तीन चित्रं त्याने फेकून दिली होती. त्या तिनांत पोरीचं तोंड काय करत होतं, ते आता देवालाच ठाऊक.

"सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे, तेही कळत नाहीये," बाई म्हणाल्या. "हे आपलं फिरतच राहतंय. मूळ व्हिडिओ असेल ना? तोच बघू."

बायकोने पर्समधून फोन काढला आणि शोधायला लागली. वर सरकवलं, खाली सरकवलं. डाएटराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "नाहीये तो. माझ्या नियमात मूळ फाईल पुसली जाते."

 बायकोने फोन परत पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. ओरडली असती तर परवडलं असतं.

डॉक्टरबाईंनी रागावल्याचं दाखवलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. फिटचं हे दुखणं दोन प्रकारचं असू शकतं. एक अगदी साधं, चेहऱ्याच्या एकाच बाजूला होणारं, मूल मोठं होतं तसं बहुतेक वेळा आपोआप जाणारं. दुसरं अजिबात साधं नाही; त्याचं औषध कडक, वर्षानुवर्षं द्यावं लागणारं, मुलं त्याने सुस्त होतात, पण गरज असून दिलं नाही तर फार धोका. "न बघता मी ते औषध सुरू करणार नाही. आणि न बघता नको, असंही म्हणणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी नीट व्हिडिओ काढा. जवळून, उजेडात, आवाजासकट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. एकाने तिला सांभाळायचं आणि एकाने चेहऱ्यावर कॅमेरा धरायचा."

पुढच्या वेळी. बाई किती सहज म्हणाल्या! त्यांचं तरी काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप फोटोवाल्या बाईपुढे ठेवला. पुसलेल्या फायली परत काढायचं एक साधन तिच्याकडे होतं. तिने दुपारचं जेवण सोडून खटपट केली. फाईलीचं नाव तेवढं सापडलं, आत काही नाही. "त्याच जागेवर तुम्ही नंतर बुटांच्या फोटोंचे ढीग टाकलेत हो," ती म्हणाली. नेहमीची चेष्टा तिच्या तोंडून निघाली नाही, आणि त्यामुळे त्याला जास्तच मेल्यासारखं झालं. संध्याकाळी त्याने तो फोल्डरच काढून टाकला. त्याने कोणाचं काय भलं होणार होतं म्हणा!

घरी बायको कामापुरतं बोलायची. एकदाच काय ते मन मोकळं केलं तिने. "तुला पटावं म्हणून मी ते शूट केलं होतं. पोरगी तशी पडली होती आणि मी तिला धरायचं सोडून शूट करत होते, फक्त तुला पटावं म्हणून. आणि तू ते हलकं करून टाकलंस." पुढे म्हणाली, "आता पुढच्या वेळी मी तिला धरणार. कॅमेरा तू धर."

आणि मग सुरू झालं ते वाट बघणं. त्याने बायकोचा फोन मोकळा केला, स्वतःचा फोन मोकळा केला, दोन्हींत व्हिडिओची सगळ्यात जड, सगळ्यात स्वच्छ पद्धत लावून ठेवली. आयुष्यभर ज्या फायलींना त्याने नावं ठेवली, नेमक्या तसल्या. भिंगरीच्या खोलीत जास्त उजेडाचा दिवा लावला. फोटोवाल्या बाईकडून एक लहानसं स्टँड आणलं, रोज पहाटे उठून फोन त्यावर लावायचा आणि झोपलेल्या पोरीच्या चेहऱ्यासमोर ठेवायचा. ती कूस बदलायची आणि कॅमेऱ्यात नुसती भिंत यायची. मग हा उठून स्टँड हलवायचा. ती डोळे उघडायची, आळस द्यायची, "बाबा, तू काय करतोयस?" विचारायची आणि पलंगावरून उडी मारून फिरायला लागायची. काही झालेलं नसायचं. रोज सकाळी काहीच व्हायचं नाही.

त्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटायचंही, नाही असं नाही. पण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी यायचं, आणि ते काय आहे हे कळायला त्याला बरेच दिवस लागले. ती निराशा होती. माणसाला स्वतःचीच किळस यावी अशी गोष्ट. पोरगी ठणठणीत उठली की याला आतून वाटायचं, आजही नाही. ऑफिसात बुटाचे कोपरे नीट करता करता मनात यायचं, एकदाचं होऊन जाऊ दे, म्हणजे सुटलो. आणि लगेच तो माऊस सोडून स्वतःलाच विचारायचा, आपण कशासाठी हात जोडतोय? कुठला बाप असा असतो?

एकदा सकाळी स्टँड आवरताना त्याच्या तोंडून उसासा बाहेर पडला. बायको दारात उभी होती.

"तू वाट बघतोयस," ती म्हणाली.

"तू नाही बघत?"

 ती खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसली. "बघते," ती म्हणाली. "रोज बघते. मग दिवसभर तिचे लाड करते." त्या दिवसापासून ती त्याच्याशी पुन्हा बोलायला लागली. दोघंही सारखीच घाबरलेली, सारखीच शरमलेली. मग अबोला तरी कशाला धरायचा?

झालं ते सकाळी झालंच नाही. सुट्टीचा दिवस, दुपार. भिंगरी खेळून दमली आणि बाहेरच्या खोलीत कोचावरच झोपली. बायको खालच्या दुकानात गेलेली. डाएटराव खिडकीशी बसून फोनवर काहीतरी वाचत होते. कोचावर हालचाल झाली. पोरगी जागी झाली होती. त्याने सहज मान वर केली, तर तिच्या तोंडाची उजवी बाजू ओढली जात होती.

आधी त्याला ते खरंच वाटेना. मग तो धावला. तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सरकवली, जवळचं स्टूल लांब ढकललं. लाळ गळत होती. घशातून तो आवाज येत होता, बायको म्हणाली होती तोच, पाण्याखालून बोलल्यासारखा. त्याचा एक हात तिच्या खांद्यावर होता आणि दुसऱ्या हातात फोन.

"एकाने तिला सांभाळायचं आणि एकाने कॅमेरा धरायचा." आणि हा एकटा.

त्याने दरवाजाकडे पाहिलं. बायकोला हाक मारावी तर ती खाली दुकानात. एका हाताने शूट करावं तर फोन नुसता थरथरतोय. असा व्हिडिओ नेला तर बाई पुन्हा म्हणतील, नीट दिसत नाही. म्हणजे पुन्हा वाट बघायची. पुन्हा ते पहाटेचं स्टँड, पुन्हा ती निराशा. नको, नको. तो मनाशी म्हणाला, हिला आत्ता काही कळत नाहीये, ही आत्ता इथे नाहीच. तिच्या खांद्यावरचा हात त्याने काढला. दोन पावलं मागे सरला, गुडघ्यावर बसला, कोपर छातीला घट्ट दाबून दोन्ही हातांनी फोन धरला आणि बटण दाबलं.

पोरीचे डोळे उघडे होते. ते त्याच्या दिशेने होते. त्याने स्वतःला बजावलं, डोळे नुसते उघडे आहेत, बघत नाहीत. स्क्रीनवर चेहरा मध्यभागी ठेवायचा, एवढंच बघायचं. ओठांचा रंग खरा यायला हवा. आवाज यायला हवा. मधे काही तुटायला नको. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलला नाही. त्या दिवशी त्याचा हात जेवढा स्थिर होता, तेवढा जन्मात कधी नसेल.

मग ओढ हळूहळू कमी झाली, थांबली. भिंगरीने तोंड पुसलं. "बाबा," ती जरा जडपणाने म्हणाली. त्याने फोन खाली टाकला आणि तिला उचलून पोटाशी धरलं. बायको वर आली तेव्हा दोघं तशीच जमिनीवर बसलेली होती. "मिळालं?" तिने विचारलं. विचारलं आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

या वेळी त्याने फाईलला हातसुद्धा लावला नाही. होती तशी, पूर्ण वजनाची, फोनवर एक, लॅपटॉपवर एक, आणि खिशातल्या पेनड्राईव्हवर एक. इस्पितळात जाताना तो दर थोड्या वेळाने खिसा चाचपत होता.

डॉक्टरबाईंनी पेनड्राईव्ह लावला. जुना कॉम्प्युटर जरा कुरकुरला, पण उघडला त्याने. खोलीभर तो घशातला आवाज घुमला. बायकोने मान फिरवली. भिंगरी मागे त्या कापडी घड्याळाशी खेळत होती, तिने वळून पाहिलं आणि हळूच टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"वा," बाई म्हणाल्या. "आता कसं सगळं दिसतंय." त्यांनी एकदा पूर्ण पाहिलं. मग मागे नेऊन बटण दाबत दाबत एकेक चित्र पुढे सरकवायला लागल्या. "उजवीकडेच आहे. ओठ गुलाबी आहेत. लाळ, घशाचा आवाज, बोलता न येणं. सगळं साध्या प्रकारात बसतंय. यात मूल शुद्धीवर असतं बरं का. सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, फक्त बोलता येत नाही. हे बघा, नजर कशी तुमच्यावर आहे."

डाएटरावांनी बघितलं. नजर त्यांच्यावर होती. मोठ्या, स्वच्छ, एकही चित्र न गाळलेल्या त्या व्हिडिओत पोरगी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बापाकडे बघत होती. तो काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात बाईंचं बोट थांबलं.

"थांबा हं," त्या म्हणाल्या. दोन चित्रं मागे गेल्या, दोन पुढे. कपाळावर आठी आली. "हे काय आहे? ही डावी बाजू. डावीकडे काही व्हायला नको. पण हा कोपरा मधूनमधून वर जातोय. इथे. आणि इथे पण."

"म्हणजे?" बायकोचा आवाज चिरकला.

"दोन्ही बाजूंना असेल तर मला वेगळा विचार करावा लागेल." बाईंनी तुकडा पुन्हा चालवला. "हे झटक्यासारखं वाटत नाही, हे सावकाश होतंय. पण मग आहे काय हे?"

 त्या दुसऱ्या, साध्या नसलेल्या प्रकाराचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. डाएटरावांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. बायकोने त्यांचं मनगट धरलं.

"ते मी हसत होते," भिंगरी म्हणाली.

तिघंही तिच्याकडे बघायला लागले. एवढ्या सगळ्या मोठ्या माणसांनी एकदम बघितल्यावर ती जराशी लाजली आणि आईच्या खुर्चीला टेकून एका पायावर डोलायला लागली.

"बाबाने फोन धरला ना, म्हणून. या बाजूचं तोंड ऐकतच नव्हतं. मग मी या बाजूने हसले." तिने डावा गाल बोटाने वर करून दाखवला.

डॉक्टरबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे, आणि मोठा श्वास सोडला. "मग प्रश्नच मिटला," त्या म्हणाल्या. "साधाच प्रकार आहे. झोपेतला एक आलेख काढू, पण काळजी करू नका. मोठी होईल तसं जाईल." बायको रडायला लागली, हसत हसत रडायला लागली, आणि तिने पोरीला ओढून मांडीवर घेतलं.

डाएटराव स्क्रीनकडे बघत होते. बाईंनी थांबवलं होतं तिथेच चित्र थांबलेलं होतं, डावा कोपरा वर गेलेला.

"बाबा," भिंगरीने आईच्या कुशीतून विचारलं, "वाकडा आला का रे फोटो?"

"नाही गं," तो म्हणाला. "छान आलाय."